आईचं बिनआवाजाचं बाळंतपण

मी जन्माला आले तेव्हा माझ्या आईने तोंडातून आवाज काढला नव्हता. हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं ते आठवत नाही. बाराखडीच्या आधीच कळलं असावं. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या लाइनीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. "सकाळी आठला कळा सुरू, दुपारी दोनला पोरगी हातात. हूं नाही की चूं नाही. नर्स म्हणाली, बाई, तुम्ही बाळंत होताय की भाजी निवडताय?" आई हे थोडक्यात सांगायची आणि शेजारच्या सरूमावशी तेच पाऊण तास. लाइनीत कोणाचे दिवस भरत आले की हा दाखला निघायचाच. बाळंत होणाऱ्या बाईला धीर यावा म्हणून सांगत असत. तिला धीर येत होता की घाम फुटत होता, हे कोणी विचारलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आई १९७८ साली वाशीमकडे तिच्या आईकडे गेली होती. तिथेच तालुक्याच्या एका दवाखान्यात मी झाले. तीन महिन्यांनी मला घेऊन ती खडकीला परतली, आणि ही गोष्टही सोबत आणली.

गोष्टीवर शंका घ्यावी अशी आमची आई नव्हतीच. नाव नंदा नागोराव तायडे. मी आठवीत असताना बाबा काविळीने गेले आणि त्यांच्या जागी कारखान्याने तिला घेतलं. लोक भेटायला आले तेव्हा रडले ते लोक. आई त्यांना पाणी देत होती. एकदा कामावर तिच्या पायावर लोखंडी पेटी पडली. ती चालत दवाखान्यात गेली, बोटं बांधून घेतली आणि चालतच जागेवर परत येऊन बसली. मला इंजिनिअर करायचं ठरवलं तेव्हा विहारातल्या एका शहाण्या गृहस्थांनी विचारलं, "झेपेल का, नंदाबाई?" आई म्हणाली, "तुम्हाला कोणी उचलायला सांगितलंय?" अशा बाईने बाळंतपणात आवाज काढला नाही, यात नवल ते काय? मला तिचा भयंकर अभिमान होता. शाळेत मुली आपल्या वडिलांच्या स्कूटरी सांगायच्या, मी माझ्या आईचं बाळंतपण सांगायचे.

२००५ साली मला दिवस गेले. मी तेव्हा येरवड्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. नवरा प्रज्ञेश त्याच लायनीतला. आम्ही धायरीला नवा फ्लॅट घेतला होता आणि पडदे लावायच्या आत त्याला सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं, अमेरिकेला. तारखेच्या आधी तो परत येणार होता. सातव्या महिन्यात मी रीतसर माहेरी, म्हणजे खडकीला आले. नाव विश्रांतवाडीच्या एका नर्सिंग होममध्ये घातलं होतं, रिक्षाने दहा मिनिटं.

एपिड्युरलबद्दल मी इंटरनेटवर वाचलं होतं. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून औषध सोडतात, कळांची धार जाते, बाई मात्र पूर्ण शुद्धीत असते. डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "देऊ की. पण आमच्याकडे भुलीचे डॉक्टर मुक्कामाला नसतात. डॉ. बद्रीनाथ आहेत, ते स्कूटरवर चार-पाच नर्सिंग होम फिरतात. आधी सांगून ठेवायचं, आणि त्या दिवशीसुद्धा वेळेत बोलवायचं. ऐन वेळी 'आता द्या, आता द्या' म्हणून उपयोग नाही. ते तेव्हा चिंचवडला कोणाला तरी भूल देत असतात."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"पाठीत सुई?" ती म्हणाली. "कंबर जन्माची जाते."

"अमेरिकेत सगळ्या घेतात, आई."

"तिकडे भातसुद्धा काट्याने खातात." तिने भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला घ्यायची तर घे बाई. तू शिकलेली. माझ्या वेळी असलं काही नव्हतं, तरी झालंच ना?"

झालं. हे 'घे बाई' इतकं वजनदार होतं की मला ते पुढच्या तपासणीपर्यंत उचलवेना. मी मॅडमना सांगितलं, इंजेक्शन नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, नैसर्गिक होऊ दे. खरं कारण एवढंच होतं की मला नंदा तायडेची मुलगी म्हणून नापास व्हायचं नव्हतं. आयुष्यात सगळ्या परीक्षा दिल्या, ही एक आईच्या विषयाची होती.

बाळाने प्रज्ञेशची वाट पाहिली नाही. तारखेच्या बारा दिवस आधी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे पाणी गेलं. सहाला आम्ही नर्सिंग होममध्ये होतो: मी, आई आणि चहाचा थर्मास घेऊन सरूमावशी. प्रज्ञेशला फोन लावला तर त्याच्याकडे सोमवारची संध्याकाळ. तो विमान शोधायला लागला, आणि मी कळा मोजायला.

कळांबद्दल वाचलेलं सगळं पहिल्या दोन तासांत निरुपयोगी ठरलं. वाचताना वाटतं, दुखेल, म्हणजे एखादी जागा दुखेल. इथे जागाच नव्हती. कंबरेतून सुरू होऊन पोट, मांड्या सगळं एका मुठीत धरून पिळत नेत होतं, आणि सोडलं की दोन मिनिटांनी पुन्हा. मी टॉवेल दातांत धरला. नवाच होता, खास दवाखान्यासाठी घेतलेला. अकरापर्यंत त्याचा एक कोपरा मी चावून विरवला होता. पण आवाज काढला नाही. बाजूच्या खाटेवरची बाई "आई गं, आई गं" करत होती आणि मी मनात तिला नावं ठेवत होते. दुसरीच्या दुखण्याला नावं ठेवण्याइतका माज माझ्यात तेव्हाही होता, हे कबूल करते.

दुपारी साडेबाराला मॅडमनी तपासलं. "पिशवीचं तोंड चार सेंटिमीटरच्या पुढे उघडत नाहीये. तू फार आवळून धरलंयस गं स्वतःला. अजून पाच-सहा तास तरी जातील." मग खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "कल्याणी, बद्रीनाथ आत्ता येरवड्याला एक सिझेरियन संपवतायत. तिथून ते कोथरूडला जातील. मग आज ते मिळायचे नाहीत. अर्ध्या तासात सांग."

मी मान हलवली. नको.

"बघ, पुन्हा विचारणार नाही."

"नको." हे म्हणताना कळ आली आणि मी टॉवेल ओढला. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, पण पाण्याला आवाज नसतो, म्हणून ते मी चालवून घेतलं.

मॅडम बाहेर गेल्या. सरूमावशी माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "कायबी नगं तिला. नंदाची लेक हाय ती. नंदानं हूं का चूं केलं न्हाई, ही तरी करंल का?"

आई खिडकीशी उभी होती. सकाळपासून ती फारशी बोललीच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता जसा मी तो बाबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"सरू, गप," ती म्हणाली. "मी ओरडले होते."

"कवा?"

"ही झाली तेव्हा."

मला वाटलं कळेच्या भरात मी भलतंच ऐकलं. सरूमावशींचा हात माझ्या कपाळावरच थांबला.

"दवाखाना डोक्यावर घेतला होता," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की भिंतीशी, कळत नव्हतं. "माय वो, मेली वो, सोडवा वो. माझा बाप ओसरीवर बसला होता, त्याला ऐकवेना, तो उठून पार रस्त्यापलीकडे गेला. सहा तास नाही, दोन दिवस. नर्सच्या हाताला मी चावले. तिने माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, तुमच्या वस्तीतल्या बायांना कायचंच वळण नाही, जनावरं बरी तुमच्यापेक्षा. खोली बायांनी भरलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या आजीने ऐकलं. ती खाली बसून फरशी पुसत होती, तिने वर पाहिलंच नाही. मला वाटलं, माझ्या एकटीच्या ओरडण्याने सगळ्यांची मान खाली गेली. गाडीत बसले तेव्हा ठरवलं, पुण्यात हे कोणाला कळू द्यायचं नाही. तिथून इथे कोण सांगायला येणार होतं?"

तेवढ्यात पुढची कळ आली. मी टॉवेल फेकून दिला आणि आयुष्यातली पहिली खरी ओरड मारली. ती कळेला नव्हती, आईला होती.

"खोटारडी!"

आळंदी रस्त्यावरच्या बसथांब्यावरसुद्धा ऐकू गेलं असणार. बाजूच्या खाटेवरची बाई आपलं दुखणं विसरून उठून बसली.

"सत्तावीस वर्षं! मी सकाळपासून मरतेय इथे तुझ्यापायी!"

"हो," आई म्हणाली. "म्हणून तर सांगितलं."

दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मी पगार घेते. घरातली सगळ्यात मोठी चूक मला एकदाही दिसली नव्हती. मला राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी दिसत होतं की या बाईने आत्ता काय केलं. तिच्याकडे सोनं नव्हतं, शेत नव्हतं. लाइनीत मान वर करून चालायला ही एक गोष्ट होती. ती तिने सरूमावशींच्या देखत मोडली होती. सरूमावशींना सांगणं म्हणजे खडकीला सांगणं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"बोलवा त्या डॉक्टरांना," मी म्हणाले.

सरूमावशी उठल्या. थर्मास तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. मला वाटलं, गेल्या बातमी द्यायला.

आई आधीच दारात मॅडमना गाठत होती. फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यावर नातेवाईकाची सही लागत होती. खरं तर माझ्या पाठीसाठी माझी सही पुरायला हवी, पण ते भांडण मी तेव्हा पुढे ढकललं. आईने फॉर्म नर्सकडून ओळ न् ओळ मराठीत सांगून घेतला. मग आपली सावकाश, ठसठशीत सही केली, कारखान्याच्या मस्टरवर करते तशी.

डॉ. बद्रीनाथ एकच्या सुमारास आले. डोक्यावर हेल्मेट, हातात जुनी चामडी बॅग, चेहरा असा की आपणच त्यांच्या घरी न सांगता गेलोय. आईने त्यांना दारातच अडवलं.

"डॉक्टर, कंबर जन्माची धरते म्हणतात."

"मूल कडेवर घेऊन धरते, मावशी. नाव सुईचं होतं."

"म्हणजे काहीच होत नाही?"

त्यांनी हेल्मेट काढलं आणि आईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "होतं. टोचल्या जागी चार दिवस ठणकेल. ब्लडप्रेशर उतरू शकतं, म्हणून मी इथेच बसणार. क्वचित डोकं दुखतं. कधीकधी एकाच बाजूला लागू पडतं, मग नळी हलवावी लागते. झाले प्रश्न?"

"पाय?"

"तिचेच राहतील. रात्री परत मिळतील."

त्या दिवशी मदतीची आया आलेली नव्हती. म्हणून मला धरून बसवायला त्यांनी आईलाच पुढे बोलावलं. मी खाटेच्या कडेला पाय सोडून, पाठ मांजरासारखी वाकवून बसले. कपाळ आईच्या खांद्यावर. पाठीवर गार स्पिरिट फिरलं. "आता हलायचं नाही. कळ आली तरी नाही," मागून आवाज आला. कळ अर्थातच तेव्हाच आली.

"ओरड," आई माझ्या कानात म्हणाली. "पण हलू नको."

मी ओरडले. पोटभर ओरडले, आईच्या खांद्यात तोंड खुपसून, आणि तसूभर हलले नाही. आईचे दोन्ही हात माझ्या दंडांवर असे घट्ट होते की चार दिवस वळ राहिले. सुईचं दुखणं त्या कळेपुढे किरकोळ होतं; एक दाब, मग पाठीतून गार काहीतरी सरकल्यासारखं. नळी चिकटपट्टीने खांद्यापर्यंत लावली आणि मला आडवं केलं.

पंधरा-वीस मिनिटं गेली. मग कळ आली ती शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशी. चाललंय हे कळत होतं, पण आपल्या घरात नव्हतं. उजव्या जांघेत मात्र रुपयाएवढी जागा तशीच जळत राहिली. मी सांगितल्यावर बद्रीनाथांनी बर्फाचा खडा फिरवून पाहिला, मला उजव्या कुशीवर वळवलं आणि आणखी थोडं औषध सोडलं. तीही जागा निवली. अंगाला कापरं भरलं, नाक खाजत होतं, पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. पण मी सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

आईने माझ्या पोटावर तळहात ठेवला होता. पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं की ती विचारायची, "आली बघ. कळली का तुला?"

"थोडीशी. दाब."

"दुखते?"

"नाही."

पुन्हा दोन-तीन मिनिटांनी, "आता?" असं तिने दहा वेळा तरी विचारलं असेल. शेवटी तिने विचारायचं थांबवलं. मी पाहिलं तर ती रडत होती. पदराने डोळे पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

"असं असू शकतं होय," ती म्हणाली. "आणि आपण समजत होतो, सोसणं म्हणजेच सगळं."

मी झोपले. तासभर गाढ झोपले, बाळंत होता होता. उठले तेव्हा मॅडम म्हणत होत्या, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, तुझं आवळणं सुटल्यावर बघ कसं भराभर झालं. मग एक तास जोर लावायचा होता. तो लावायला माझ्यात जीव शिल्लक होता, याचं श्रेय मी त्या तासाच्या झोपेला देते. संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. पावणेतीन किलो, आणि पहिल्याच श्वासाला एवढी ओरडली की बद्रीनाथ वर न पाहता म्हणाले, "आता हिला भूल द्यायची का?" मी माझी मुलगी स्वच्छ डोळ्यांनी येताना पाहिली. दुखण्याच्या धुक्यातून नाही. त्या क्षणी जगातली सगळ्यात शूर बाई मीच होते, असं मला वाटलं, आणि इंजेक्शन घेऊन वाटलं. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

साडेसातला सरूमावशी परत आल्या. हातात शिऱ्याचा डबा. बाळाकडे न बघता त्या सरळ आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा दिग्विजय झाला एक्याऐंशीला," त्या म्हणाल्या. "घरीच. सुईण म्हनत हुती, वरड बाई, मोकळी हो. मी तोंडात पदर कोंबला. ओठ फाटला, ही बघ खूण. का, तर भिताडापल्याड तू हुतीस."

आईने ती खूण जवळून पाहिली.

"चोवीस वरसं मी तुझं गानं गायलं, नंदे. पोरीबाळींना सांगितलं. आता घरी जाऊन बसले आन् मोजत हुते, कितीजनींना सांगितलं आसंल."

माझी आई विहाराबाहेर कोणापुढे वाकलेली मी पाहिली नव्हती. ती वाकली आणि तिने सरूमावशींचे पाय धरले. मावशींनी तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. डबा मधे चेपत होता. मग मावशींनी नाक पुसलं. "बास. आता हे समद्यास्नी मीच सांगनार हाय."

"तू नको," आई म्हणाली. "तू मीठमसाला लावशील. माझं खोटं आहे, मीच सांगेन."

आणि तिने सांगितलं. बाळाच्या नामकरणाला आमच्या दोन खोल्यांत लाइनीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. अमेरिकेहून आलेला प्रज्ञेश दारात पाहुण्यांच्या चपला सरळ करत होता. नाव ठेवून झालं, पेढे वाटून झाले, आणि आई उभी राहिली. दोन दिवस, ओरडणं, चावणं, थोबाडीत बसलेली, नर्स काय म्हणाली ते, सगळं. एक शब्द गाळला नाही की आवाज खाली आणला नाही. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "मी तर नवऱ्याच्या नावाने शिव्या दिल्या होत्या." मग दुसरी बोलली, मग तिसरी. जेवणं दीड तास खोळंबली. सरूमावशींची सून रुपाली, पाचवा महिना, तिने जाताना माझ्याकडून डॉ. बद्रीनाथांचा नंबर घेतला, तोही सासूच्या देखत.

आई सहा तासांच्या बिनआवाजाच्या बाळंतपणाची होती तेव्हा मला तिचा अभिमान होता. पण त्या दिवशी पेढ्याचं ताट हातात धरून ती जे बोलली, त्यापुढे तो अभिमान काहीच नव्हता.

सगळ्या गेल्यावर मी तिला विचारलं, "लाज नाही वाटली?"

ती चटया गोळा करत होती. "लाज तेव्हा वाटली होती, अठ्ठ्याहत्तर साली. ओरडले म्हणून. मारलं तिने, आणि लाज मला वाटली." तिने चटई भिंतीला उभी केली. "माझी नव्हतीच ती. उगाच इतकी वर्षं सांभाळली."

मग बाळ रडायला लागलं. आईने हात धुतले, तिला उचललं आणि मला म्हणाली, "तू पड जरा. मी बघते हिच्याकडे."